वर्गाची हजेरी

रविवारची सकाळ असते. घरात चहा दुसऱ्यांदा झालेला असतो. दिवाणखान्यातील मेजावर एक जुने छायाचित्र ठेवलेले असते आणि पन्नाशीकडे झुकलेली चार-पाच माणसे त्यावर वाकून काही शोधीत असतात. पुण्यात, मुंबईत, नागपुरात, बडोद्यात, इंदुरात, जेथे जेथे शिकलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे तेथे तेथे हे दृश्य केव्हा ना केव्हा दिसतेच. छायाचित्र कॉलेजातील शेवटच्या वर्षाचे असते. मागे इमारतीची कमान, पुढे खुर्च्यांवर अध्यापक, त्यांच्या मागे दाटीने उभे राहिलेले विद्यार्थी आणि खाली बारीक अक्षरांत ओळीने नावे.

“हा कोण रे?” एकजण विचारतो.

“अरे, हा तो! वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत होता. परीक्षा उद्यावर आली तरी रात्री पेटी वाजवीत बसायचा.”

“मग हल्ली असतो कोठे?”

ह्या प्रश्नापाशी सर्वांचे बोलणे थांबते. ज्याच्या पेटीचे सूर अजून कानांत आहेत, तो माणूस कोणत्या गावी आहे हे कोणालाच ठाऊक नसते. पंचवीस वर्षांनी पुन्हा एकदा सर्वांनी जमावे, ह्या हेतूने ही मंडळी बसलेली असतात. सभागृह कोणते घ्यावे, जेवणाला काय करावे, अध्यक्षस्थानी कोणाला बोलवावे, ह्या गोष्टींची चर्चा तासाभरात आटोपते. परंतु छायाचित्रातील चेहरे आणि हाती असलेले पत्ते ह्यांचा मेळ घालू लागताच ध्यानात येते की, निम्म्यांचाही ठावठिकाणा नाही. संमेलनाचे खरे काम येथून सुरू होते.

‘स्नेहसंमेलन’ हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. कॉलेजात वर्षातून एकदा ते भरते. नाटके होतात, गाणी होतात, बक्षिसे वाटली जातात आणि रात्री उशिरापर्यंत गडबड चालते. तथापि त्या वयात संमेलनाची गरज सर्वांत कमी असते. जे रोज भेटतात, एका बाकावर बसतात, एका खाणावळीत जेवतात, त्यांना स्नेहासाठी वेगळा दिवस नेमण्याचे कारण नसते. त्या शब्दाचा खरा अर्थ कॉलेज सुटल्यानंतर कळू लागतो. नोकरीचे गाव, संसाराची जबाबदारी, मुलांची शिक्षणे आणि आईवडिलांची आजारपणे ह्यांत एकेक वर्ष निघून जाते. कोणी कोणाशी भांडलेले नसते, कोणी कोणाला विसरलेलेही नसते. मात्र पत्राला उत्तर द्यावयाचे राहून जाते, त्यामुळे दुसरे पत्र येत नाही, आणि पाहता पाहता वीस वर्षे लोटतात. स्नेह तुटतो तो बहुधा भांडणाने नव्हे, राहून गेल्याने. म्हणून तो टिकवावयाचा तर कोणीतरी ते काम अंगावर घ्यावे लागते.

हे काम किती चिकाटीने करता येते याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. बोस्टन शहराजवळच्या हार्वर्ड कॉलेजातून १८२९ साली एक वर्ग पदवी घेऊन बाहेर पडला. त्या वर्गात ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाचा एक तरुण होता. पुढे तो डॉक्टर झाला, हार्वर्डमध्येच शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि लेखक व कवी म्हणून त्याने मोठे नाव मिळविले. बाळंतरोगाचा संसर्ग डॉक्टरांच्या व सुइणींच्या हातांनी एका स्त्रीकडून दुसरीकडे जातो, हे त्याने १८४३ साली निबंध लिहून सांगितले तेव्हा धंद्यातील वडीलधाऱ्यांचा रोष त्याने पत्करला. त्याच वर्गातील बेंजामिन पर्स हा गणितज्ञ झाला, जेम्स फ्रीमन क्लार्क हा धर्मोपदेशक झाला, बेंजामिन कर्टिस हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, आणि सॅम्युएल स्मिथ ह्याने ‘अमेरिका’ हे देशगीत लिहिले. एका वर्गातून इतकी नामांकित माणसे निघावी हे विशेष खरे; पण त्याहूनही विशेष म्हणजे ह्या वर्गाच्या नियमित भेटी. होम्स वर्गाच्या मेळाव्यासाठी मुद्दाम कविता लिहीत असे. १८५१ पासून १८८९ पर्यंत, जवळजवळ दर वर्षी, हा क्रम चालला. १८५९ साली पदवीला तीस वर्षे झाली. मंडळी पन्नाशीची झाली होती, केस पिकले होते, अंगावर मोठमोठे अधिकार होते. होम्सने त्या साली लिहिलेल्या कवितेचे नावच ‘मुले’ असे होते. त्या एका रात्रीपुरते न्यायाधीश, प्राध्यापक, धर्मोपदेशक हे कोणी उरले नाहीत. सगळी मुलेच होती.

ह्या वर्गात मतैक्य होते, असे मात्र कोणी समजू नये. तो काळ गुलामगिरीच्या वादाने पेटलेला होता. पळून आलेल्या गुलामांना मालकाच्या स्वाधीन करावे असा कायदा १८५० साली अमेरिकेत झाला. कर्टिसने त्या कायद्याची बाजू घेतली. त्याच वर्गातील सॅम्युएल मे हा गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या मॅसॅच्युसेट्समधील संस्थेचा कार्यकर्ता होता. त्याला तो कायदा म्हणजे पाप वाटत होते. पुढे १८५७ साली ड्रेड स्कॉट ह्या गुलामाच्या प्रसिद्ध खटल्यात हाच कर्टिस न्यायालयाच्या बहुमताविरुद्ध गेला आणि स्वतंत्र निग्रो मनुष्यही अमेरिकेचा नागरिक होऊ शकतो, असा भिन्न निकाल त्याने लिहिला. एका बाकावर बसलेली माणसे पुढे कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभी राहतील, हे बाकावर बसताना कोणास सांगता येत नाही. देशात यादवी युद्ध झाले, ते संपले, आणि वर्गाचे मेळावे चालूच राहिले. मेजाभोवतीच्या खुर्च्या दरसाल कमी होत गेल्या. कर्टिस १८७४ साली गेला, पर्स १८८० साली, क्लार्क १८८८ साली. होम्सची वर्गासाठी लिहिलेली कविता १८८९ साली थांबली, तेव्हा पदवीला साठ वर्षे झाली होती आणि तो स्वतः ऐंशीच्या घरात होता.

एकट्या कवीच्या प्रतिभेवर साठ वर्षांचा स्नेह टिकत नाही. हार्वर्डमध्ये पदवी घेणारा प्रत्येक वर्ग आपला एक चिटणीस निवडतो. वर्गातील कोण कोठे आहे, काय करतो, कोणाचे लग्न झाले, कोण वारले, ह्याची नोंद ठेवणे आणि ठराविक वर्षांनी वर्गाचा वृत्तान्त छापून सर्वांना पाठविणे हे त्याचे काम. बाहेरून पाहणाऱ्यास हे कारकुनी काम वाटेल. पण कविता ऐकावयास माणसे जमली, ती त्या कारकुनीमुळे जमली.

अशा यादीचा उपयोग केवळ जेवणापुरता असतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील एका संस्थेच्या इतिहासात सापडते. दक्षिणा फंडातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. अनेक स्थित्यंतरे होऊन तिचे पूना कॉलेज झाले, आणि पुढे सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीतून येरवड्याच्या बाजूस नवी दगडी इमारत उभी राहिली, तेव्हा ते डेक्कन कॉलेज ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे, गुरुदेव रानडे ही ह्याच कॉलेजची माणसे. टिळक ज्या खोलीत राहात असत ती अद्यापही जपून ठेवलेली आहे. असे हे कॉलेज १९३४ साली सरकारने खर्चाचे कारण सांगून बंद केले. वर्ग ओस पडले, वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपे लागली.

त्या वेळी ज्यांचा त्या इमारतीशी कोणताही व्यावहारिक संबंध उरला नव्हता, अशी माणसे पुढे आली. ती म्हणजे माजी विद्यार्थी. त्यांना तेथे परीक्षा द्यावयाची नव्हती, नोकरी करावयाची नव्हती. त्यांच्या संघाने न्यायालयात दाद मागितली आणि आपले म्हणणे लावून धरले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर अध्ययन व संशोधन करणारी संस्था ह्या नव्या रूपाने डेक्कन कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले. त्या उघडलेल्या दरवाजातून इरावती कर्वे आल्या, हसमुख सांकलिया आले, सुमित्र मंगेश कत्रे आले. मानववंशशास्त्र, पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र ह्यांचे मोठे काम तेथे उभे राहिले. संस्कृतचा ऐतिहासिक पद्धतीचा महाकोश रचण्याचे काम १९४८ साली तेथेच सुरू झाले, आणि १९९० साली संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. माजी विद्यार्थ्यांचा संघ म्हणजे वर्षातून एकदा भेटून जुन्या खोड्या आठवणाऱ्यांची मंडळी, अशी समजूत असणाऱ्याने ही हकीकत ध्यानात ठेवावी. अडचणीच्या वेळी माणसे एका हाकेसरशी जमतात, त्याचे कारण हाक कोणाला द्यावयाची हे आधीपासून कोठेतरी लिहून ठेवलेले असते.

ह्याच डेक्कन कॉलेजातील दोन मित्रांची दुसरी हकीकत मात्र मनाला चटका लावणारी आहे. टिळक १८७६ साली पदवीधर झाले आणि कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करू लागले, आगरकर एम. ए. च्या तयारीत होते. सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणाला आयुष्य वाहावे, हा निश्चय दोघांनी त्या दिवसांत केला. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघेही बरोबर तुरुंगात गेले आणि डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवस त्यांनी एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज ह्यांची स्थापना झाली. कॉलेजातील दोन मित्रांनी रात्री जागून रचलेले मनोरथ इतक्या थोड्या वर्षांत प्रत्यक्षात यावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

त्यानंतर वाटा फुटल्या. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, सुधारणा कायद्याने व्हावी की लोकांच्या संमतीने, ह्या प्रश्नांवर दोघांची मते एकमेकांपासून दूर गेली. आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, दोघेही आपापल्या पत्रातून एकमेकांवर कठोर लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनी ‘केसरी’त लिहिला. कॉलेजच्या दिवसांपासूनच्या स्नेहाला जे सांगावयाचे होते ते त्या लेखात आले, पण ज्याने वाचावयाचे तो ते वाचण्यास उरला नव्हता.

ह्या दोघांचे मतभेद क्षुद्र नव्हते, ते झाकून ठेवणेही योग्य झाले नसते. महाराष्ट्राच्या विचाराला त्या वादातून धार आली. एखाद्या वार्षिक भेटीने तो वाद मिटला असता, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. तरीही वाद जेथे थांबून राहतो अशी एखादी जागा, अशी एखादी तारीख दोन माणसांमध्ये राखून ठेवता येते. वर्गाचे संमेलन ही तशी जागा आहे. तेथे ज्याने त्याने आपली मते घरी ठेवून यावे असे नव्हे; मात्र मते निराळी झाली म्हणून यादीतून नाव खोडले जात नाही, एवढी हमी तेथे असावी.

आता पुन्हा त्या रविवारच्या बैठकीकडे वळले पाहिजे. यादी करावयाची ठरते तेव्हा काही अडचणी हटकून पुढे येतात. पहिली अडचण वर्गातील मुलींची. मराठी समाजात नाव तीन भागांचे असते: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. रूढीप्रमाणे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलण्याची चाल होती. म्हणजे वर्गात पहिली आलेली मुलगी दहा वर्षांनी शोधू गेल्यास कागदोपत्री ती मुलगी उरलेलीच नसते. आज अनेक स्त्रिया माहेरचे नाव चालू ठेवतात, पण मागील पिढ्यांच्या वर्गांत ही अडचण मोठी आहे. परिणामी छायाचित्रात दहा मुली असतात आणि संमेलनाला दोन येतात, मग मंडळी म्हणतात, “बायकांना संसारातून सवड कोठली?” सवडीचा प्रश्न पुढचा, आधी पत्र तर पोहोचले पाहिजे. म्हणून यादीत माहेरचे नाव आणि हल्लीचे नाव असे दोन रकाने असावेत. एक मैत्रीण सापडली की बहुधा तिच्याकरवी आणखी तिघी सापडतात, कारण लग्नाला कोण आले होते आणि कोण कोणत्या गावी गेली, हे त्या एकमेकींचे लक्षात ठेवतात.

दुसरी अडचण खर्चाची. बैठकीतील एकजण मोठ्या हॉटेलाचे नाव सुचवितो. त्याला स्वतःला ती वर्गणी जड नसते, आणि इतरांना असेल हे त्याच्या मनातही येत नाही. वर्गात फी माफ असलेली मुले होती, वार लावून जेवणारी होती, आणि मोटारीतून येणारीही होती. पंचवीस वर्षांत कोणाची चढती झाली, कोणाची उतरती. वर्गणीचा आकडा सर्वांत अडचणीत असलेल्या सोबत्याकडे पाहून ठरवावा आणि उरलेली भर ज्यांना शक्य आहे त्यांनी मुकाट्याने घालावी. जुन्या वर्गाच्या खोलीत मांडलेल्या बाकांवर बसून खाल्लेला साधा फराळ पुष्कळदा जास्त गोड लागतो.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. पत्र जाते, पोहोचते, पण उत्तर येत नाही. दुसरे पत्र जाते, तरी उत्तर नाही. बैठकीत कोणी म्हणतो, “त्याला यायचेच नाही, सोडून द्या.” परंतु उत्तर न देणाऱ्यांपैकी बरेचजण उदासीन नसतात, त्यांना संकोच वाटत असतो. वर्गात ज्याच्याविषयी सर्वांनी मोठ्या आशा बाळगल्या तो एखाद्या लहान गावी सामान्य नोकरीत निवृत्तीला आलेला असतो. एखाद्याचा धंदा बुडालेला असतो, एखादीच्या घरी दीर्घ आजारपण असते. संमेलनात पहिला प्रश्न ‘हल्ली काय करतोस?’ हाच येणार, हे त्यांना ठाऊक असते आणि त्या प्रश्नाला सामोरे जाण्यापेक्षा न गेलेले बरे, असे त्यांना वाटते. अशा सोबत्याला तिसरे पत्र पाठवू नये. कोणीतरी स्वतः जाऊन भेटावे. तसेच यादीत हुद्द्याचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा, आणि नसला तरी काही बिघडत नाही. होम्सच्या वर्गाने पन्नाशीतल्या माणसांना ‘मुले’ म्हटले, त्यात केवळ विनोद नव्हता. मूल म्हणजे ज्याला अजून कोणी हुद्दा विचारलेला नाही असा माणूस.

हल्ली हातातल्या दूरध्वनीमुळे निरोप धाडणे अगदी सोपे झाले आहे. एका संध्याकाळी वर्गाचा गट तयार होतो, पहिल्या आठवड्यात शंभर जुन्या आठवणी निघतात, जुनी छायाचित्रे येतात, परदेशी गेलेला मित्र मध्यरात्री जागून बोलतो. मग सकाळच्या शुभेच्छांची चित्रे सुरू होतात, राजकारणावरून एखादी चकमक झडते, दोघे गट सोडून जातात आणि हळूहळू शांतता पसरते. साधन वाईट नाही. पूर्वीच्या चिटणिसांनी ते डोक्यावर घेतले असते. परंतु निरोप पोहोचविणे आणि माणूस सांभाळणे ही दोन कामे आहेत. त्यांपैकी पहिले यंत्र करते. महिनाभर ज्याचा एक शब्दही आला नाही त्याला आपण होऊन विचारणे, हे दुसरे काम अजूनही कोणीतरी माणसानेच करावे लागते.

ह्या सर्व खटाटोपाचे मोल किती, हे शास्त्राच्या मार्गानेही पाहिले गेले आहे. हार्वर्ड येथेच १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. तेथील २६८ विद्यार्थी निवडून त्यांच्या प्रकृतीची, नोकरीची, संसाराची माहिती आयुष्यभर गोळा करीत राहावयाचे, असे ठरले. पुढे त्याच अभ्यासाला बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुलांची पाहणीही जोडली गेली. पाहणारे शास्त्रज्ञ निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, पण काम थांबले नाही. ऐंशी वर्षांच्या वयात कोणाची प्रकृती बरी राहिली हे मागे वळून तपासले तेव्हा असे दिसले की, पन्नाशीत रक्तातील चरबी किती होती ह्यापेक्षा, पन्नाशीत आपल्या माणसांशी असलेल्या संबंधांत तो मनुष्य किती समाधानी होता ह्यावरून त्याच्या म्हातारपणाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. पैसा किंवा कीर्ती ह्यांहून जिवाभावाची माणसे अधिक उपयोगी पडली, असा त्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष आहे. वर्षातून एका जेवणाने आयुष्य वाढते, असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. परंतु पन्नाशीच्या सुमारास जुन्या सोबत्यांची यादी काढून बसणारी माणसे वेळ फुकट घालवीत नाहीत, एवढे त्यावरून खुशाल म्हणता येईल.

तेव्हा बैठक उठण्यापूर्वी काही गोष्टी नक्की व्हाव्यात. एकजण चिटणीस नेमावा, आणि त्याला मदतनीस म्हणून दुसरा, कारण यादी एकाच घरी राहिली तर त्या घरावर संकट येताच वर्ग पुन्हा विखुरतो. संमेलनाची तारीख दर वेळी नव्याने ठरवू नये. जानेवारीचा अमुक रविवार असे एकदा ठरले की, लग्नसराई, परीक्षा, परदेशचा प्रवास ह्यांनी ती हलत नाही. एखाद्या वर्षी सहाच माणसे आली तरी सहाजणांचे संमेलन व्हावे. हयात असलेल्या गुरुजनांना आणावयास कोणीतरी गाडी घेऊन जावे. जे वारले त्यांच्या नावापुढे तारीख लिहावी आणि त्यांच्या घरी एक पत्र जावे. आपल्या वडिलांना ‘पाठीमागच्या बाकावरचा खोडकर’ म्हणून ओळखणारी माणसे आहेत, हे मुलांना त्या पत्रातून प्रथमच कळते. असे पत्र घरोघर जपून ठेवले जाते.

आणि संमेलनाच्या दिवशी भाषणांना वेळ थोडा दिला तरी चालेल, पण एक गोष्ट टाळू नये. चिटणिसाने जुन्या हजेरीपटाच्या क्रमाने नावे वाचावीत. जो असेल त्याने ‘हजर’ म्हणावे. जो येऊ शकला नाही त्याच्याविषयी ज्याला माहिती असेल त्याने चार शब्द सांगावेत. जो आता नाही त्याच्या नावाला सर्वांनी क्षणभर उभे राहावे. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच नावांना कंटाळलेल्या आवाजात उत्तरे दिली जात. आता प्रत्येक नावाशी मान वर होते.

रविवारची बैठक संपते. चहाचे पेले उचलले जातात, छायाचित्र पुन्हा कागदात गुंडाळले जाते. दाराशी चपला घालता घालता एकाला काहीतरी आठवते. “अरे, त्या पेटीवाल्याची बहीण साताऱ्यास दिली होती ना? यजमान शाळेत मास्तर होते.” वही पुन्हा उघडली जाते. पेटीवाल्याच्या नावासमोरचा रकाना अजून मोकळा असतो. त्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘सातारा, बहिणीकडे विचारणे’ एवढेच लिहिले जाते, आणि कोण जाणार तेही तेथेच उभ्या उभ्या ठरते.